नाट्यगृह उभे राहील, पण चालवणार कसे? कोल्हापूर महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि सर्व लोकप्रतिनिधी,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर.

विषय : शहरासाठी लिखित कला, संस्कृती व क्रीडा धोरण तयार करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आगीत जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचा विषय निघाला की निधी किती आला, छप्पर कधी चढणार, खुर्च्या कोणत्या बसणार, एवढीच चर्चा होते. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण नाट्यगृह उभे राहिल्यावर ते चालवणार कसे, कोण चालवणार, कुणाला किती भाड्यात देणार, त्याची देखभाल कोणत्या पैशातून होणार, याबद्दल एकही कागद आजवर लोकांसमोर आलेला नाही. आणि हा प्रश्न एका नाट्यगृहापुरता नाही. मैदाने, तालमी, जलतरण तलाव, चित्रप्रदर्शनाच्या जागा, या सगळ्यांचा मिळून विचार करणारे महापालिकेचे लिखित धोरण माझ्या तरी पाहण्यात नाही. असेल तर ते कुठल्या तरी फायलीत आहे, नागरिकांच्या हातात नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी मंगळवार पेठेत वाढले आणि आजही इथेच राहते. शिवणकामाचे दुकान आहे, आणि हौशी नाटकांसाठी वेशभूषा-रंगभूषा करते. माझा भाऊ पेठेच्या संघातून फुटबॉल खेळला, आता माझी मुलगी मुलींच्या संघातून खेळते. लहानपणी रविवारी घरात बसल्या बसल्या खासबागेतला हलगीचा कडकडाट ऐकू यायचा आणि रात्री आई आम्हाला नाटकाला घेऊन जायची. कुस्ती एका घरातली आणि नाटक दुसऱ्या घरातले, असा फरक आमच्या पेठेत कुणी केला नाही.

तो राजर्षी शाहू महाराजांनीही केला नव्हता. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधले जुने प्रेक्षागार पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधायला घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेल्या बैठका, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. पण महाराज बांधकामावर थांबले नाहीत. तालमीतल्या पोरांच्या खुराकाची सोय केली, देशभरातून मल्ल बोलावून जोड्या लावल्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणले. खाँसाहेब इथे राहिले म्हणून जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे या गावात रुजले. इमारतीबरोबर त्यात रोज राबणाऱ्या माणसाचीही व्यवस्था केली होती. आपण इमारतींचा वारसा सांगतो. या व्यवस्थेचा वारसा मात्र कधीच सोडून दिला आहे.

ऑगस्ट २०२४ चा पहिला आठवडा आठवा. १ तारखेला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ७२ वर्षांनी आलेले. शहरात साखर वाटली गेली. आणि ८ तारखेच्या रात्री नाट्यगृह जळाले. खासबागेच्या बाजूचा मंचही आगीत गेला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्या गर्दीत पैलवान होते, पेठेतली फुटबॉलची पोरे होती, कधीही तिकीट काढून नाटक न पाहिलेल्या बायाही होत्या.

त्या आठवड्याने दोन गोष्टी दाखवल्या. स्वप्नीलला घडण्यासाठी जिल्हा सोडून राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, नाशिकला जावे लागले. जलतरणपटू वीरधवल खाडे इथला, पण ऑलिंपिकच्या तयारीसाठी त्याला बंगळूर गाठावे लागले. खाशाबांनी हेलसिंकीला जावे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला ती सांगताना अस्वस्थ वाटते, कारण त्यात शहराची यंत्रणा कुठेच नाही, आहे तो एका शिक्षकाचा जीव. आणि दुसरी गोष्ट, शंभर वर्षे ज्या वास्तूने या गावाला सांभाळले, तिला सांभाळायला गाव कमी पडले.

महापालिकेवर पाणी, रस्ते, कचरा यांचा भार आहे, कला आणि खेळ नंतर पाहू, असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे. पाणी-रस्त्यांबद्दल माझे दुमत नाही, आमच्या गल्लीतही पाणी कमी दाबाने येते. पण ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी आहे. तिच्यात उद्याने आणि क्रीडांगणे बाराव्या क्रमांकावर आहेत आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन हा विषय तेराव्या क्रमांकावर. म्हणजे मी मागते आहे ते तुमच्याच कामाच्या यादीतले आहे. राज्य सरकारने २०१० साली सांस्कृतिक धोरण केले, २०१२ साली क्रीडा धोरण केले. ते मुंबईत ठरले. गांधी मैदानात पाणी का साचते आणि हौशी संस्थेला सरावाला खोली का मिळत नाही, याची उत्तरे त्यात शोधून सापडणार नाहीत. ती इथेच, तुमच्या सभागृहात ठरायला हवीत.

आता तक्रारी सांगते.

सर्वांत आधी नाट्यगृह, कारण त्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. प्रयोगाच्या दिवशी रंगपटात काय असते आणि काय नसते, हे मला ठाऊक आहे. आगीच्या आधीही त्याचे नूतनीकरण झाले होते, त्यावर मोठा खर्च झाला होता. नूतनीकरण एकदा होते, देखभाल रोज लागते. पडद्यांना अग्निरोधक प्रक्रिया केली आहे का, मंचावरची वायरिंग कुणी आणि कधी तपासली, प्रयोग नसलेल्या रात्री वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद होतो का, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, आग लागली तर पहिली बादली कोण उचलणार, हे प्रश्न नाट्यगृह चालवणाऱ्याला रोज पडले पाहिजेत. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींच्या अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. नवे नाट्यगृह सुरू होईल तेव्हा ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे, प्रेक्षकाला तिकीट काढताना वाचता येईल असे.

नाट्यगृह म्हणजे फक्त दर्शनी इमारत आणि प्रेक्षागृह नव्हे. ध्वनी, प्रकाश आणि मंच जाणणारी कायम नेमणुकीची माणसे तिथे हवीत. आज एका विभागात, उद्या दुसऱ्या विभागात बदली होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ही अपेक्षा करता येत नाही, आणि त्याला दोष देणेही बरोबर नाही. तारखांच्या वाटपाचेही तसेच आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेला रंगीत तालमीसाठी एक पूर्ण दिवस मंच लागतो. तो परवडणाऱ्या दरात मिळाला नाही तर ती मुले थेट स्पर्धेच्या दिवशीच प्रकाशयोजना पाहतात. सभा, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलने यांनाही नाट्यगृह मिळावे, पण नाटकाच्या आधी नव्हे.

नाट्यगृह बंद पडल्यापासून सगळ्यांत जास्त मार बसला तो छोट्या संस्थांना. व्यावसायिक नाटकाची गाडी दुसऱ्या गावाला जाते. आमच्यासारख्यांना दुसरे गाव नाही. एवढ्या शहरात शंभर-दीडशे प्रेक्षकांपुरता, साधा, काळे पडदे लावलेला एक मंच महापालिकेकडे असता, तर नवे लेखक, नवे दिग्दर्शक या काळातही उभे राहिले असते. महापालिकेच्या शाळांच्या कितीतरी खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यातली एखादी नाटकाच्या किंवा गाण्याच्या सरावाला द्यायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. नियम लागतो, आणि त्यावर एक सही लागते.

मैदानांबद्दल थोडे कडक बोलते. कोल्हापूरचा फुटबॉल ही देशातली वेगळी गोष्ट आहे. इथे संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. अनिकेत जाधव याच मातीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मोठे सामने शाहू स्टेडियमवर होतात, ते मैदान महापालिकेचे नाही, हे मला माहीत आहे. प्रश्न सरावाच्या मैदानांचा आहे. शिवाजी पेठेतले गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. तळे बुजवून झालेल्या मैदानात पावसाचे पाणी उतरणारच. त्यासाठी सखल भागाचा, नाल्याचा आणि मैदानाचा एकत्र आराखडा लागतो. दर पावसाळ्यात फोटो येतात, पाहणी दौरा होतो आणि पुढच्या जूनमध्ये मैदान पुन्हा पाण्याखाली असते. पाणी ओसरले की प्रदर्शने आणि सभांचे मंडप पडतात. मंडप उठल्यावर राहिलेले खिळे आणि खडी मुलांच्या पायाखाली येते. मैदान भाड्याने देताना ते पूर्ववत करून घ्यायची अट असायला हवी, आणि अनामत रक्कम त्या अटीशी बांधलेली हवी.

मुलींचे तर फारच हाल आहेत. मुलांचे संघ मैदानावर उतरले की मुलींना कडेला थांबावे लागते, कारण वेळापत्रक नाही. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृह वापरण्यासारखे नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी घरूनच खेळाचे कपडे घालून, वर ओढणी गुंडाळून जातात. नेमबाजीत तेजस्विनी सावंत म्युनिकला २०१० साली विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. दोघी याच शहराच्या. त्यांच्या नावाचे फलक चौकात लागले तेव्हा मी आनंदाने पाहिले. त्या फलकाच्या खर्चात मैदानावर एक दिवा आला असता, असेही मनात आले, आणि ते मी इथे लिहिते आहे.

तालमींची अवस्था तुम्ही जाणता. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठाची तालीम, या ठिकाणी बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून पोरे शिकायला येतात. दूध, तूप, बदाम यांचे भाव पाहिले तर शेतकऱ्याच्या घरातल्या पोराचा खुराक हा बापाच्या कर्जाचा विषय झाला आहे. वस्ताद पहाटे चारला उठून शिकवतात, त्यांना नियमित मानधन नाही. मातीबरोबर मॅटही लागते, कारण पुढची स्पर्धा मॅटवर आहे. इमारती जुन्या आहेत, छपरे गळतात. मुलींना कुस्ती शिकायची असेल तर बहुतेक जुन्या तालमींत जागाच नसते. जत्रांच्या मैदानांत बक्षिसांचे आकडे मोठे दिसतात, पण ते जिंकणाऱ्याला मिळतात. घडणाऱ्याला कोण देणार?

चित्रपटाबद्दल थोडक्यातच. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतः कॅमेरा तयार केला. १९२९ साली प्रभात कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. मोरेवाडीची चित्रनगरी राज्य सरकारची आहे, ती तुमच्या अखत्यारीत येत नाही. पण जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचे २०२२ साली उघड झाले आणि चित्रपटातले कामगार, कलावंत उपोषणाला बसले, तेव्हा शहरातल्या वारसा वास्तूंची यादी, त्यांच्या व्यवहारांवरची नजर आणि हरकत घेण्याची पद्धत किती कच्ची आहे हे सगळ्यांना दिसले. ही यादी तुमच्या कामाचा भाग आहे. व्यवहार झाल्यावर लोकांनी उपोषण करायचे आणि मग बैठका लावायच्या, ही पद्धत थांबली पाहिजे.

शेवटची तक्रार निर्णय घेण्याच्या रीतीबद्दल. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कितीतरी वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात नाट्यगृह जळाले, पुनर्बांधणीचे आराखडे झाले, मैदानांचे निर्णय झाले, आणि ज्यांना ती वास्तू वापरायची आहे त्यांच्याशी बोलणे झाले ते बहुतांशी आंदोलनाच्या निमित्ताने. मंचाची उंची, विंगेची रुंदी, रंगपटात आरसे आणि पाणी कुठे हवे, हे पडद्यामागे काम करणाऱ्यांना विचारायला हवे होते. आम्ही कुठल्याही पक्षाकडे गेलो नाही, जाणारही नाही. तुमच्या दारी येतो.

आमच्या मागण्या अशा :

१. महापालिकेने पुढील दहा वर्षांसाठी लिखित कला, संस्कृती व क्रीडा धोरण करावे. मसुदा मराठीत असावा, संकेतस्थळावर आणि प्रत्येक विभागीय कार्यालयात ठेवावा, आणि त्यावर हरकती-सूचनांसाठी पुरेसा वेळ द्यावा.

२. त्यासाठी समिती नेमावी. तिच्यात रंगकर्मी, वस्ताद, फुटबॉल आणि नेमबाजीचे प्रशिक्षक, चित्रकार, गायक-वादक, शाहीर, क्रीडाशिक्षक, अपंग खेळाडू आणि निम्म्या तरी महिला असाव्यात. फक्त मान्यवर नकोत, रोज काम करणारी माणसे हवीत. समितीच्या बैठकांचे इतिवृत्त जाहीर व्हावे.

३. अर्थसंकल्पात कला व क्रीडेसाठी किमान दोन टक्के तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली असावी. तिचा निम्मा भाग देखभालीसाठी राखीव असावा, तो महोत्सव, सत्कार किंवा फलकांकडे वळवता येऊ नये.

४. केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग मैदान यांचे व्यवस्थापन एकत्र करावे. दोन्हींसाठी प्रशिक्षित कायम कर्मचारी, विमा, अग्निसुरक्षेचे जाहीर प्रमाणपत्र आणि वर्षातून दोनदा आगीच्या वेळच्या बचावाचा प्रत्यक्ष सराव. हौशी संस्थांसाठी राखीव तारखा आणि वेगळा दर.

५. प्रत्येक मैदानाचे वेळापत्रक फलकावर लावावे, त्यात मुलींसाठी ठरलेल्या वेळा असाव्यात. दिवे, पाणी, कपडे बदलायची खोली आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह ही कामे याच वर्षी व्हावीत. गांधी मैदानाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा तज्ज्ञांकडून करून तो तारखांसह जाहीर करावा.

६. शहरातल्या तालमींची पाहणी करून दुरुस्तीची यादी करावी, वस्तादांना मासिक मानधन आणि होतकरू मल्लांना खुराकाची शिष्यवृत्ती द्यावी. मुलींसाठी किमान एक कुस्ती केंद्र महापालिकेने स्वतः चालवावे.

७. महापालिकेच्या शाळांच्या रिकाम्या खोल्या संध्याकाळी सरावासाठी नाममात्र दरात द्याव्यात.

८. वारसा वास्तूंची अद्ययावत यादी प्रसिद्ध करावी, आणि त्यांतल्या कोणत्याही जागेच्या बदलाचा प्रस्ताव आला तर निर्णयाआधी जाहीर सूचना द्यावी.

९. दरवर्षी या सगळ्याचा अहवाल सभागृहात मांडावा. किती प्रयोग झाले, किती मुले-मुली मैदानावर आली, किती खर्च झाला, काय राहिले.

पैशांबद्दल विचारले जाईल म्हणून सांगते. यातल्या पहिल्या, दुसऱ्या, सातव्या आणि नवव्या मागणीला जवळजवळ पैसे लागत नाहीत. उरलेल्यांसाठी राज्य सरकार, जिल्हा नियोजन समिती आणि कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. पण निधी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो आराखड्याचा. २०२३ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत ग्वाल्हेर संगीतासाठी आणि कोझिकोडे साहित्यासाठी गेले, तेव्हा आपल्या शहरात काय आहे आणि पुढे काय करणार, हे त्यांनी आधी कागदावर मांडले होते. कोल्हापूरकडे मांडण्यासारखे त्यांच्याहून कमी नाही. संगीत, कुस्ती, चित्रकला, चित्रपट, नाटक, फुटबॉल, नेमबाजी, हे सारे एकाच गावात असलेली शहरे देशात किती असतील?

६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. रिक्षा थांबल्या, भाजी मंडई थांबली, मीही दुकानातून बाहेर येऊन उभी राहिले. लोकांनी आपली बाजू दाखवली आहे.

या पत्राची प्रत महापालिकेच्या आवक-जावक विभागात रीतसर देत आहे. कृपया एक महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि रंगकर्मी, खेळाडू व तालमींच्या प्रतिनिधींसोबत बैठकीची तारीख कळवावी. बैठक खुली असावी, ज्याला यायचे त्याला येता यावे. धोरणाचा पहिला मसुदा २६ जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी जाहीर व्हावा, अशी विनंती आहे. बैठकीसाठी जागा मिळत नसेल तर आमच्या पेठेतल्या तालमीचे सभागृह उपलब्ध करून देण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
मंगळवार पेठेतील एक नागरिक आणि रंगकर्मी
कोल्हापूर